खोक्यातून निघाले खोके

आमच्या घरात नवी वस्तू आली की तिचे खोके उघडण्याचा मान कोणाचा, यावरून दर वेळी लहानसे युद्ध होते. मिक्सर आला तेव्हा तो मान सौ.ने घेतला, टीव्ही आला तेव्हा चिरंजीवांनी. पण यंदा दसरा होऊन चार दिवस झाल्यावर जे खोके घरात आले, त्याच्यावर कोणीच हक्क सांगेना. गुडघ्याच्या वर येणारे, दोन्ही हातांनी कवेत घ्यावे लागणारे, सात-आठ किलो वजनाचे असे ते धूड मधल्या खोलीत टेकवले, आणि आत काय आहे हे कळल्यावर सौ. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अहो, साडेचार हजार रुपये मोजून रिकामा डबा आणलात?"

वाचकहो, तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. आम्ही रिकामा डबाच आणला होता. संगणकाचा.

त्याचे असे झाले. आमची नात वास्तुशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या इमारतींचे आराखडे आता कागदावर मावत नाहीत. ते पडद्यावर उभे राहतात, फिरतात, त्यांच्यावर ऊनसावली पडते. तिचा जुना लॅपटॉप हे काम करताना इतका तापे की सौ. त्याच्याजवळून जाताना पदर सावरून जाई. चिरंजीवांचे मत, हप्त्याने नवा लॅपटॉप घ्यावा. नातीचे मत, सुटे भाग आणून आपल्या हाताने संगणक जोडावा. तेवढ्याच पैशांत अधिक ताकदीचा होतो, आणि पुढे एखादा भाग जुना झाला तर तेवढाच बदलता येतो. शिकवण्या करून तिने काही रक्कम साठवली होती. उरलेले वीस हजार माझ्या मुदतीच्या ठेवीतून मी घातले. चिरंजीव एवढेच म्हणाले, "बाबा, दुकानातून तयार आणला तर बिघडल्यावर दुकानदार जबाबदार. घरी जोडताना काही जळले, तर दुकानदार म्हणणार, तुमच्या हातून जळले. मग पैसे कोण देणार?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर नातीकडेही नव्हते. ती नुसती म्हणाली, "नाही जळणार, बाबा." तिच्या आवाजात जेवढा धीर होता, तेवढा तिच्या चेहऱ्यावर नव्हता.

खरेदीसाठी आम्ही दोघे लॅमिंग्टन रोडला गेलो. या रस्त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण ग्रँट रोड स्टेशनवर उतरून कोणालाही विचारा, तो 'लॅमिंग्टन रोड ना?' असेच म्हणेल. दुकाने एकाला एक चिकटलेली, जिने अंधारे, आणि प्रत्येक जिन्याच्या वर आणखी दहा दुकाने. मदरबोर्ड, प्रोसेसर, मेमरी या मौल्यवान वस्तू इतक्या लहान खोक्यांत मिळाल्या की त्या सगळ्या नातीच्या पाठपिशवीत बसल्या. सर्वांत स्वस्त वस्तू मात्र सर्वांत मोठी. ती मी कवेत घेतली आणि दादरला गाडी बदलून डोंबिवलीपर्यंत आणली. डब्यात एका गृहस्थाने मोठ्या आपुलकीने विचारले, "मायक्रोवेव्ह का?" मी म्हटले, "रिकामा डबा." त्याने पुढे काही विचारले नाही.

या डब्याच्या नावाचाही एक घोटाळा आहे. बहुतेक घरांत संगणकाच्या उभ्या पेटीला 'सीपीयू' म्हणतात. 'सीपीयूवर कपडे टाकू नकोस', 'सीपीयू पुसून ठेव' वगैरे. वास्तविक सीपीयू म्हणजे आतली ती एक चपटी चकती. आपल्या चहाच्या बिस्किटाहूनही लहान. सगळा हिशेब तीच करते. तिला पेटीचे नाव देणे म्हणजे बंगल्याला मालकाचा मेंदू म्हणण्यासारखे. बाजारात पेटीला 'कॅबिनेट' म्हणतात. इंग्रजी कागदपत्रांत तिचे नाव 'केस'.

हा 'केस' शब्द नातीने सहज उच्चारला आणि माझे लक्ष क्षणभर तिच्या बोलण्यावरून उडाले. कारण माझ्या आयुष्यातली तेवीस वर्षे केसपुढे उभे राहण्यात गेली आहेत. मी कंपोझिटर होतो. 1969 साली गिरगावातील एका छापखान्यात लागलो तेव्हा अठरा वर्षांचा होतो. लाकडी केस, तिच्यात लहान लहान खण, खणाखणांत शिशाचे खिळे. अक्षरे, काने, मात्रा, अनुस्वार. डाव्या हातात स्टिक आणि उजवा हात खणांवरून फिरतो आहे. सरावलेल्या जुळाऱ्याला अक्षराचे तोंड पाहावे लागत नाही. खिळ्याच्या अंगाला एक खाच असते. ती बोटाला लागली की खिळा सुलटा आहे हे कळते. डोळे हस्तलिखितावर आणि वाचन बोटांनी, असा तो धंदा.

1992 साली आमच्या छापखान्यात संगणक आला. त्याच्यासाठी एक खोली निराळी करून तिला काच लावली, वातानुकूलनाचे यंत्र बसवले. चपला बाहेर काढून आत जायचे. आणि आम्हा जुळाऱ्यांना तर आत जायचेच नाही, हात शिशाने काळे असतात म्हणून. काचेतून आम्ही पाहत होतो. टेबलावर एक पडदा आणि त्याच्या शेजारी ती पेटी. बदामी रंगाची, गप्प, समोर एक हिरवा दिवा. आठ महिन्यांत आमच्या केसी भंगारात गेल्या. शिसे किलोवर विकले गेले. काही सहकारी गावी परतले. मला प्रूफे वाचायचे काम मिळाले, म्हणून माझे निभले. पण त्या पेटीची एक अढी मनात बसली ती बसलीच. तिच्यात काय आहे हे कोणी दाखवले नाही, आणि मीही कधी विचारले नाही. पुढे घरात संगणक आले, गेले. मी त्यांना हात लावला नाही. "डोळ्यांना त्रास होतो," असे सांगत असे.

असो. खोक्याकडे वळतो.

प्रथम खोक्याचे बाह्यांग. पुठ्ठ्यावर दोन बाण वर तोंड करून, एक छत्री, आणि एक काचेचा पेला. पेला पाहून सौ.ने भुवया वर केल्या. तो मद्याचा पेलाच आहे, पण त्याचा अर्थ एवढाच की वस्तू नाजूक आहे, आपटू नका. जगभर मालाच्या खोक्यांवर हीच खूण चालते. एका बाजूला आयात करणाऱ्याचे नाव, मूळ देश चीन, आयातीचा महिना आणि कमाल किरकोळ किंमत यांची चिठ्ठी डकवलेली. ती किंमत आम्ही दिलेल्या पैशांच्या जवळजवळ दुप्पट होती. ती वाचून सौ.चा राग निम्म्याने उतरला. मला मात्र तिसऱ्याच बाजूला 'इन्स्टॉलेशन' या इंग्रजी शब्दातला एक 'आय' गळालेला दिसला. धंद्याची खोड, जाता जात नाही.

खोके वरून उघडून पेटी उपसायला गेलो तर थर्माकोल हलेना. नात म्हणाली, "आबा, तसे नाही. तळाच्या पाकळ्या उघडायच्या, सगळे पालथे घालायचे आणि पुठ्ठाच वर उचलायचा." तसे केल्याबरोबर पेटी आपोआप मोकळी झाली. मोदकाचा साचा उलटा करून सोडवावा तसा पुठ्ठा सुटला. ही युक्ती मी मिक्सरच्या वेळी जाणत असतो तर थर्माकोलचा चुरा पंधरा दिवस झाडावा लागला नसता.

"थांबा, खाली काही अंथरा," असे म्हणून नातीने पेटी टेकवण्याआधी सौ.कडून गोधडी मागून घेतली. मला वाटले, फरशीला ओरखडे पडू नयेत म्हणून. पण भीती उलटी होती. अशा पेटीची एक बाजू आता काचेची असते. आतले दिवे, पंखे दिसावेत म्हणून. ही काच साधी नव्हे. ती सहाशे अंशांच्या वर तापवून वाऱ्याच्या झोताने एकदम थंड करतात. पृष्ठभाग आधी आवळून बसतो, आतला भाग मागाहून आकसतो. त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो. याच कारणाने अशी काच मध्यभागी ठोसा मारला तरी सहसा फुटत नाही. पण तिचे मर्म कडेला. आपली फरशीची लादी काचेहून कठीण. काच उभी करून कडेवर लादीवर टेकवली आणि लादीच्या एखाद्या कणाने कडेला बारीक जखम केली, की आतला सगळा ताण एकदम मोकळा होतो आणि अख्ख्या काचेचे हरभऱ्याएवढे तुकडे होतात. तेव्हा काच काढली की गादीवर किंवा गोधडीवर आडवी ठेवावी; फरशीवर कधीही नाही. हे ऐकल्यावर सौ.ने आपण होऊन दुसरी गोधडी आणली आणि काच तिच्यात तान्ह्या मुलासारखी गुंडाळून पलंगावर निजवली.

दोन्ही बाजू काढल्या आणि मी आत पाहिले.

आत काही नव्हते.

म्हणजे काळा रंग दिलेला पत्रा होता, मिलिमीटरभरही जाड नसेल. त्याला शेकडो भोके. पुढच्या बाजूला दोन पंखे, मागे एक. मागच्या भिंतीत एक आडवा चौकोनी कोनाडा, त्याच्याखाली सात पट्ट्या. तळाशी एक कप्पा, पुढून लोंबणाऱ्या दहा-बारा तारा. बस्स. ज्या पेटीला मी काचेआडून तीस वर्षे दबून होतो ती एवढीच. मी बराच वेळ गप्प बसलेला पाहून नात म्हणाली, "काय झाले, आबा?" मी म्हटले, "काही नाही. रिकामी आहे." ती हसली. "मग! आपणच भरायची ना."

घर बांधायला शिकणारी मुलगी ती. तिने मला पेटी घरासारखी समजावून दिली. पुढचे पंखे बाहेरची थंड हवा आत घेतात. त्यांच्यापुढे धूळ अडवणारी जाळी असते, ती महिन्या-दोन महिन्यांनी काढून धुवायची. मागचा पंखा गरम हवा बाहेर टाकतो. ओटीवरून वारा यावा आणि परसदाराने जावा तसे. पंख्याची तोंडे उलटसुलट लागली तर वारा कोंडतो. ओळखायची खूण सोपी: पंख्याच्या ज्या अंगाला मध्ये आधाराच्या दांड्या असतात, त्या अंगाने हवा बाहेर पडते. तळाचा कप्पा वीज पुरवणाऱ्या डब्याचा, ज्याला बाजारात 'एसएमपीएस' म्हणतात. आणि अख्खा पत्रा तीन खिळ्यांच्या प्लगमधून जमिनीशी जोडलेला. म्हणून भिंतीतल्या सॉकेटचे अर्थिंग ठीक आहे ना, हे आधी वायरमनकडून तपासून घ्यावे.

मग निघाली ती पुडी. पेटीच्या पोटात तारेने बांधलेले एक प्लॅस्टिकचे पाकीट, आणि त्यात आणखी चार लहान पाकिटे. पानाच्या डब्यात सुपारी, लवंग, कात निराळे असावेत तसे. मी चष्मा लावून एकेक ताटलीत ओतले. जाड आट्यांचे स्क्रू, बारीक आट्यांचे स्क्रू, षट्‌कोनी पितळी खांब, तारा बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, एक बोराएवढा भोंगा आणि ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची पुडी. ही शेवटची सौ.ने तत्काळ उचलून फेकली. घरात शेजारचे लहान मूल येते. शिवाय माहितीचा एक कागद, ज्यावर अक्षर असे एकही नव्हते. नुसती चित्रे आणि बाण. सगळ्या जगाला एकच कागद पुरावा म्हणून ही काटकसर. जुळारी तिथेही बेकार.

या स्क्रूंची गंमत सांगण्यासारखी आहे. दोन्ही दिसायला सख्खे भाऊ. पण एक इंचाच्या घराण्यातला: साडेतीन मिलिमीटर जाडी, इंचाला 32 आटे. दुसरा मेट्रिक घराण्यातला: तीन मिलिमीटर जाडी आणि अर्ध्या मिलिमीटरला एक आटा. पहिला एसएमपीएससाठी आणि मोठ्या हार्ड डिस्कसाठी; दुसरा लहान एसएसडीसाठी. संगणकाची पेटी अमेरिकेत जन्मली म्हणून इंच, पुढे बरेच भाग जपान-तैवानकडून आले म्हणून मिलिमीटर, असा हा आंतरजातीय संसार एकाच पुडीत नांदतो. चुकीचा स्क्रू चुकीच्या भोकात बळाने फिरवला की भोकातले आटे झिजतात आणि ती जागा कायमची सैल होते. बोटांनी अलगद फिरत नसेल तर तो स्क्रू तिथला नव्हेच, हा नियम.

आता मी ज्यासाठी हा लेख लिहावयास बसलो ती गोष्ट. मी नातीला विचारले, "बोर्ड एका कंपनीचा, डबा दुसऱ्या कंपनीचा, वीजपेटी तिसऱ्या कंपनीची. एकाने दुसऱ्याचे तोंडही पाहिलेले नाही. मग भोकाला भोक जुळणार कसे?"

ती म्हणाली, "मापे ठरलेली आहेत." आणि तिने जे सांगितले ते ऐकून मी चकित झालो. आयबीएम कंपनीचा पहिला पीसी ऑगस्ट 1981 मध्ये आला. त्याची पेटी आडवी होती आणि पडदा तिच्या डोक्यावर बसे. 1983 च्या मॉडेलात मागच्या पट्ट्यांमधले अंतर 0.8 इंच ठेवले. ते आजही तेवढेच आहे. 1995 साली इंटेल कंपनीने 'एटीएक्स' नावाचे माप जाहीर केले: बोर्ड 305 मिलिमीटर लांब, 244 मिलिमीटर रुंद, स्क्रूची भोके अमुक ठिकाणी, मागचा कोनाडा 158.75 बाय 44.45 मिलिमीटरचा. तीस वर्षे उलटली. या काळात प्रोसेसर किती पिढ्या बदलले याची गणती नाही. मेमरी बदलली, तबकड्या गेल्या, पण ती भोके जिथल्या तिथे आहेत. 1990 च्या दशकातली एटीएक्स पेटी कोणाच्या माळ्यावर असली, तर तिच्यात आजचा बोर्ड आजही बसेल. काही मोठ्या कंपन्या आपल्या तयार संगणकांत मुद्दाम निराळी मापे वापरतात. तिथे डबा गेला की सगळेच गेले. पण सुट्या भागांचा हा सगळा बाजार, लॅमिंग्टन रोडच्या त्या अंधाऱ्या जिन्यांसकट, या ठरलेल्या भोकांवर उभा आहे.

मला माझा खिळा आठवला. खिळ्याची उंची 0.918 इंच. मुंबईत ओतलेला असो की लंडनला, उंची तीच. म्हणून दोन ओतशाळांचे खिळे एका पानात शेजारी उभे राहत आणि कागदावर सारखे उठत. ज्याने खिळा ओतला तो कोण, हे आम्हाला ठाऊक नसे. त्याने माप पाळले आहे, एवढा विश्वास पुरे. मला वाटत होते, माझ्या केसीबरोबर ती शिस्तही भंगारात गेली. तर ती या पेटीत येऊन बसलेली!

एवढेच नव्हे, तर ती खाचसुद्धा. पेटीच्या पुढून येणाऱ्या तारा बोर्डावर लावायच्या असतात. यूएसबीच्या एका जोडणीला दहा जागा आणि नऊ सुया. आवाजाच्या जोडणीलाही दहा जागा आणि नऊच सुया. पण गाळलेली सुई दोन्हींत निराळ्या ठिकाणी. म्हणजे एकीचे टोपण दुसरीवर बसणार नाही आणि कोणतेही उलटे बसणार नाही. हातालाच चूक कळावी अशी योजना. मी टोपण बोटांत धरले, डोळे मिटले आणि गाळलेली जागा नखाने चाचपून सांगितली. नात म्हणाली, "आबा, माझ्याआधी कळले तुम्हाला!" इतकी वर्षे रिकामी असलेली बोटे, त्यांना बरे वाटले.

त्या रात्री नऊच्या सुमारास बोर्ड बसवायची वेळ आली. बोर्ड थेट पत्र्यावर ठेवायचा नसतो. त्याच्या पाठीवर डाखाची शेकडो उघडी टोके असतात. ती पत्र्याला टेकली तर वीज भलत्या वाटेने जाते. म्हणून आधी पत्र्यात ते पितळी खांब रोवायचे, आणि खांबांवर बोर्ड. चार बोटे जोत्यावर घर बांधावे तसे. नातीने पुडीतले तीन खांब घेऊन तळाच्या ओळीत लावले, बोर्ड उचलला, आणि ती तो आत उतरवणार इतक्यात चिरंजीव दारात येऊन उभे राहिले. "झाले का?" नातीचे हात थरथरले. तीस हजारांच्या वर ऐवज त्या बोर्डावर बसलेला होता.

मी म्हटले, "थांब जरा. छापायच्या आधी एक प्रूफ पाहू."

चिरंजीव हसले. पण नात थांबली. बोर्ड तिने पुन्हा खोक्यावर ठेवला. मी बोर्डावरची भोके मोजली: तीन ओळी, ओळीत तीन, नऊ. मग पेटीत हात घातला. पत्रा काळा, कारखान्याने लावलेले खांबही काळे, आणि खोलीतला दिवा माझ्या पाठीमागे. डोळ्यांना काही दिसेना. बोटे फिरवत गेलो. वरची ओळ, तीन. मधली, तीन. तळाची, नातीने आता लावलेली, तीन. पण मधली आणि तळाची यांच्यामध्ये बोटांना आणखी काही लागले. एक. आणि थोड्या अंतरावर आणखी एक.

"भोके नऊ," मी म्हटले, "आणि खांब अकरा."

नातीने मोबाइलचा दिवा धरला. खरेच होते. कारखान्याने खांब लहान आकाराच्या बोर्डासाठी लावून पाठवले होते. त्या आकाराला 'मायक्रो एटीएक्स' म्हणतात. तो चौरस, 244 मिलिमीटरचा, आणि त्याची शेवटची भोके मोठ्या बोर्डाच्या भोकांशी जुळत नाहीत. मोठा बोर्ड बसवताना ते दोन खांब काढावे लागतात. नातीने नवे लावले, जुने काढायचे राहिले. बोर्ड तसाच बसला असता, स्क्रूही सगळे लागले असते, वरून काही दिसले नसते. आणि खाली दोन पितळी टोके डाखाला टेकून राहिली असती. मग बटण दाबल्यावर यंत्र सुरूच झाले नसते, किंवा झाले असते ते कायमचे बंद पडण्यासाठी.

तिने ते दोन खांब काढून माझ्या तळहातावर ठेवले. कोणी काही बोलले नाही. चिरंजीव आत आले, सतरंजीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "मी काय धरू?" त्यांना मोबाइलचा दिवा धरायला दिला.

पुढचे काम तासाभरात झाले. नऊ स्क्रू मी लावले. आधी सगळे अर्धे, मग कोपऱ्याकोपऱ्याने आवळत, फर्मा आवळावा तसे. शेवटी पेटीच्या बटणाच्या दोन तारा. एवढ्या मोठ्या यंत्राचे बटण म्हणजे दोन सुयांना क्षणभर एकमेकींना शिववणे, इतकेच; त्या तारा उलट लागल्या तरी चालते. दिव्याच्या तारा मात्र उलट चालत नाहीत.

सौ.ने पेटीला हळदकुंकू लावले. नातीने बटण दाबले. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळाच. अर्धे मिनिट गेले. एक मिनिट गेले. चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिले, मी नातीकडे पाहिले. ती ओठ घट्ट मिटून बसली होती. पुटपुटल्यासारखी म्हणाली, "नवी मेमरी आहे. पहिल्यांदा बोर्ड तिची ओळख करून घेतो, वेळ लागतो." दोन मिनिटे झाली असतील. मग त्या बोराएवढ्या भोंग्यातून एक बारीक, आखूड 'पीं' आला आणि पडद्यावर अक्षरे उमटली. 'एक आखूड पीं म्हणजे सर्व ठीक,' असे बोर्डाच्या पुस्तकात लिहिले आहे. आमच्या घरात इतक्या लहान आवाजाने इतकी माणसे एकदम बोलू लागल्याचे मला आठवत नाही.

आता सगळे स्थिरस्थावर झाले आहे. उरलेले स्क्रू मी एका डबीत घालून वर चिठ्ठी लावली आहे. इंचाचे निराळे, मिलिमीटरचे निराळे. ते दोन खांब त्यात नाहीत, ते माझ्या टेबलाच्या खणात आहेत. पुठ्ठ्याचे खोके सौ. टाकायला निघाली होती. नात म्हणाली, हमी संपेपर्यंत ठेवावे लागते. तेव्हा ते माळ्यावर मिक्सरच्या खोक्याशेजारी गेले. खोक्यातून खोके निघाले ते खाली राहिले, आणि ज्यातून निघाले ते वर चढले.

हा लेख मी हाताने लिहिला आहे. नातीने तो त्याच यंत्रावर टंकला, आणि परवा संध्याकाळी मला खुर्चीवर बसवून म्हणाली, "आबा, आता प्रूफ तुम्ही इथेच पाहा." मी सवयीने चपला बाहेर काढून आलो होतो. पडद्यावर माझ्या लेखात सात चुका सापडल्या. पाच तिच्या होत्या, दोन माझ्या.